मीठ, मोरचूद आणि आमची पोफळीची बाग

(इयत्ता सातवीच्या वर्गातर्फे, भित्तिपत्रकाच्या स्वातंत्र्यदिन अंकासाठी)



पावसाळा लागला की आमच्या घरच्या मिठाला पाणी सुटते. तुमच्याही घरी सुटत असेल. आम्ही मे महिन्यात खाडीकाठच्या मिठागरावरून वर्षाचे खडेमीठ गोणीने आणतो. आंबे, फणसाचे गरे खारवायला आणि गुरांना ते लागते. आणतो तेव्हा मीठ कोरडे असते. जूनमध्ये पहिली सर आली की गोणीखालची जमीन ओली होते. यंदा मी ठरवले, हे मीठ शुद्ध करायचे. त्या खटपटीतून जे शिकले ते ह्या लेखात लिहीत आहे. शेवटी आमच्या बागेची एक गोष्ट आहे, ती पालकांनी जरूर वाचावी.

आधी थोडे शब्द

आपण जेवणात घालतो ते मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. पण विज्ञानात आणखी पुष्कळ पदार्थ ह्याच कुळातले आहेत. त्यांना क्षार म्हणतात. तुरटी, मोरचूद, नवसागर, सोरा हे सगळे क्षारच. आम्लाचे आणि आम्लारीचे उदासिनीकरण झाले की क्षार आणि पाणी तयार होते. जे क्षार पाण्यात विरघळतात ते विद्राव्य क्षार. जे विरघळत नाहीत ते अविद्राव्य, उदाहरणार्थ खडू. पाण्यात आणखी क्षार विरघळेनासा झाला की त्या द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे जाते.

प्रयोग पहिला : जो फसला

साहित्य : ओले खडेमीठ ३५ ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर, चंचुपात्र, काचेची कांडी, नरसाळे, गाळणकागद, चिनी मातीची वाटी, स्पिरिटचा दिवा. (हे सर्व शाळेच्या विज्ञानपेटीत मिळाले. मीठ माझे.)

कृती : मीठ पाण्यात घालून ढवळले. पाणी चहासारखे गढूळ झाले. थोडा वेळ निवळू दिले आणि वरचे पाणी गाळणकागदातून गाळले. कागदावर चिखल, बारीक वाळू आणि एक शिंपल्याचा तुकडा राहिला. खाली आलेले पाणी अगदी नितळ होते. मी ओरडलेच, "गुरुजी, मीठ शुद्ध झाले!" गुरुजी काही बोलले नाहीत.

मग ते पाणी वाटीत घेऊन उकळायला ठेवले. सगळे पाणी आटवले. शेवटी शेवटी मीठ तडतड उडायला लागले, म्हणून दिवा बाजूला घेतला. वाटीत पांढरेशुभ्र मीठ. ते मी घरी नेले आणि ऐटीत आजीला दाखवले.

आजी म्हणाली, "काय गो चेडवा, मीठ पाण्यात टाकून परत मीठच काढतंस? मग आधी टाकलंस कित्याक?"

मी ते चुलीजवळच्या फळीवर ठेवले. तिथे हवा जरा सुकी असते. तिसऱ्या दिवशी पाहते तर वाटीत पुन्हा पाणी! मला रडू यायचे बाकी होते. आजी हसली नाही, पण बाबा हसले.

असे का झाले?

शाळेत गुरुजींनी फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले. गाळणकागदाने काय अडवले? काय अडवले नाही?

चिखल पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो अडला. पण मिठासारखीच पाण्यात विरघळणारी घाण असेल तर? ती मिठाबरोबर कागदातून खाली येणार. आणि मी सगळे पाणी आटवले, म्हणजे ती पुन्हा मिठातच बसणार. माझे मीठ दिसायला गोरे झाले, पण आतले खोटे आतच राहिले.

हे आतले खोटे म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. ते समुद्राच्या पाण्यातूनच येते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले सुमारे २७ ग्रॅम आपले मीठ, बाकीचे दुसरे. मिठागरात पाणी आटत जाते तसे हे क्षार एकदम नाही, पाळीपाळीने खाली बसतात. आधी खडूसारखा भाग, मग जिप्सम, मग मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार सर्वांत शेवटी. म्हणून मिठागरवाले मीठ जमले की ते ओढून घेतात आणि उरलेले कडवट पाणी सोडून देतात. सगळे पाणी आटेपर्यंत थांबत नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, हे इतिहासात आपण शिकलोच आहोत. त्याच मिठागरांच्या कामात एवढे रसायनशास्त्र आहे, हे मला ठाऊक नव्हते.

आता पाणी का सुटते? मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ फार हावरेपणाने ओढते. हवेची आर्द्रता सुमारे ३३ टक्के झाली तरी त्याला पुरे. शुद्ध मीठ मात्र आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाणी ओढत नाही.

प्रयोग दुसरा : जो जमला

पुन्हा ३५ ग्रॅम मीठ, पुन्हा १०० मिलिलिटर पाणी, पुन्हा गाळणे. ह्या वेळी पाणी उकळून उडवले नाही. घरी चुलीच्या वैलावर वाटी ठेवली आणि मंद धगीवर आटू दिले. (पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात हे करू नये, मिठाने भांडे खराब होते.) पाणी पाव हिस्सा राहिले आणि तळाशी बारीक चौकोनी खडे दिसू लागले, तेव्हा वाटी उतरवली. वरचे पाणी ओतून बाजूला काढले.

पण खड्यांना ते पाणी चिकटलेले असतेच. ते कसे धुवायचे? साध्या पाण्याने धुतले तर मीठच विरघळून जाईल! ह्यावर गुरुजींनी छान युक्ती सांगितली. पुडीतल्या स्वच्छ मिठाचे संपृक्त द्रावण करायचे आणि त्याने धुवायचे. ते द्रावण मिठाने आधीच पोट भरलेले असते, म्हणून आणखी मीठ खात नाही. पण मॅग्नेशियमचा क्षार मात्र घेऊन जाते. तसे दोनदा धुतले, निथळू दिले आणि वाटी गरम करून मीठ सुकवले.

निरीक्षण : ३५ ग्रॅमचे २१ ग्रॅम मीठ मिळाले. आजी म्हणाली, "एवढा मीठ फुकट घालवलंस." काही भाग ओलाव्याचा होता, काही चिखलाचा, आणि बरेच मीठ त्या ओतून दिलेल्या पाण्यात गेले हे खरे आहे. शुद्ध पाहिजे तर थोडे सोडावे लागते.

ते मीठ पहिल्या मिठाशेजारी चुलीजवळच्या फळीवर ठेवले. आठ दिवसांनी पहिल्याला पाणी, दुसरे कोरडे. पण खरे तेच लिहायचे म्हणून हेही लिहिते : दुसऱ्यातले चिमूटभर मी ओटीवर उघडे ठेवले होते, तेही ओले झाले. आपल्याकडे आषाढात हवा ७५ टक्क्यांच्या पुष्कळ वर ओली असते, तिथे शुद्ध मिठाचाही इलाज नाही. त्याला झाकणाची बरणीच हवी.

सूचना : हे मीठ आम्ही खाल्ले नाही. प्रयोगाची भांडी खाण्याच्या कामाची नसतात. शिवाय त्यात आयोडीन नाही. आयोडीन कमी पडले तर गलगंड होतो आणि मुलांच्या वाढीला धोका असतो. खायला आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

तुरटीचा स्वभाव निराळा

मीठ थंड पाण्यात जेवढे विरघळते, जवळजवळ तेवढेच उकळत्या पाण्यात विरघळते. १०० मिलिलिटर पाण्यात साध्या तापमानाला ३६ ग्रॅम आणि उकळत्याला ३९ ग्रॅम. म्हणून मिठाचे गरम द्रावण थंड केले तर फारसे मीठ बाहेर पडत नाही. त्याचे पाणीच आटवावे लागते.

तुरटीचे तसे नाही. २० अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १४ ग्रॅम विरघळते, ५० अंशांना सुमारे ३७ ग्रॅम. म्हणून आमच्या गटाने ३६ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून गाळली आणि द्रावण तसेच झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी तळाशी आठ बाजूंचे सुंदर स्फटिक! हिशेबाने २२ ग्रॅम मिळायला हवे होते, आम्हांला १८ मिळाले. आपल्याकडे पावसातही पाणी २० अंशांपर्यंत गार होत नाही, हे त्याचे कारण. चार-पाच दिवस न हलवता ठेवले तर स्फटिक मोठे होतात. घाई केली तर बारीक भुगा होतो.

मोरचूद कसे बनते?

जुलैत एका शनिवारी गुरुजी आम्हांला तालुक्याच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. मिठाचे आम्ही नुसते शुद्धीकरण केले होते. तिथल्या सरांनी क्षार मुळापासून बनवून दाखवला. आम्ल हाताळले ते सरांनीच, आम्ही लांबून पाहिले.

त्यांनी चंचुपात्रात सौम्य गंधकाम्ल कोमट केले. त्यात तांब्याचे काळे ऑक्साइड चमचा चमचा घालून ढवळत राहिले. काळी पूड नाहीशी व्हायची आणि द्रावण निळे व्हायचे. शेवटी पूड विरघळेना, तळाशी काळी राहू लागली, तेव्हा सर थांबले.

मी विचारले, "सर, जास्त झाली की! मोजून का नाही घातली?"

सर म्हणाले, "मुद्दाम जास्त घातली. काळे उरले म्हणजे आम्ल संपले. आम्ल उरले असते तर ते मोरचुदात मिसळून राहिले असते, आणि ते गाळून काढता येत नाही. काळी पूड मात्र गाळून निघते."

हे मला फार आवडले. जे गाळून काढता येते तेच जास्त घ्यायचे! गाळल्यावर कागदावर काळी पूड आणि खाली मोरासारखे निळे पाणी आले.

पुढे दोन वाट्या केल्या. एक सरांनी मंद आटवली. मधून मधून काचेची कांडी त्यात बुडवून बाहेर गार करून पाहिली. कांडीवर बारीक खडे धरू लागले तेव्हा दिवा विझवला आणि वाटी झाकून ठेवली. दुसरी आमच्या देखत पार कोरडी होईपर्यंत तापवली. तिच्यातले निळे गेले आणि पांढुरका भुगा राहिला. सरांनी त्यावर दोन थेंब पाणी टाकले. भुगा पुन्हा निळा झाला आणि वाटी गरम लागली.

कारण असे : मोरचुदाच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. कोरड्या दिसणाऱ्या १०० ग्रॅम मोरचुदात सुमारे ३६ ग्रॅम पाणीच असते. ते उडाले की रंग गेला आणि स्फटिकही मोडला. सोमवारी झाकलेल्या वाटीतले निळे स्फटिक सरांनी थेंबभर गार पाण्याने धुतले, गाळणकागदात टिपले आणि बाटलीतून आमच्या शाळेला पाठवले. ती बाटली गुरुजींच्या कपाटात आहे. मोरचूद विषारी आहे. कुणी हात लावू नये, तोंडात तर मुळीच घालू नये.

आता बागेची गोष्ट

आमची दीडशे पोफळींची बाग आहे. वर्षाची कपडालत्ता, पुस्तके, ताईच्या कॉलेजची फी त्या सुपारीवर चालते. पावसात सुपारीवर कोळेरोग येतो आणि हिरवी सुपारी सडून खाली पडते. त्यासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या द्राक्षबागांत हे औषध प्रसिद्ध झाले, म्हणून हे नाव. १ टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघाड मिळेल तेव्हा.

गेल्या वर्षी दुसऱ्या फवारणीनंतर कोवळी पाने करपली, लहान सुपारीवर डाग पडले आणि गळ झाली. बाबा म्हणाले, दुकानदाराने खोटे मोरचूद दिले. त्या दुकानात आम्ही जाणे बंद केले. बाबा त्याच्याशी बोलतही नव्हते.

यंदा जुलैअखेरीला दोन दिवस उघाड पडली. बाबांनी पाडेली बोलावला. प्लॅस्टिकच्या एका पिंपात मोरचूद विरघळवले, दुसऱ्यात चुना कालवला आणि दोन्ही ढवळत एकत्र केले. मिश्रण आभाळासारखे निळे झाले. पाडेली दोर बांधून तयार. ढग पुन्हा भरून येत होते.

मला प्रयोगशाळेतली गोष्ट आठवली, जास्तीची काळी पूड. सरांनी त्या दिवशी सांगितले होते की मोरचुदाच्या द्रावणात लोखंड बुडवले तर त्यावर तांबे चढते. मी म्हटले, "बाबा, थांबा. सुरी बुडवून पाहू."

बाबा चिडले. "वीस वर्षं मी औषध मारतोय. पाऊस येईल, हो बाजूला."

पण मी घासून लखलखीत केलेली सुरी आणलीच होती. पाडेलीकाका म्हणाले, "बघूया की, दोन मिनिटांचा तर प्रश्न." सुरी मिश्रणात धरली. बाहेर काढली तर पात्यावर लाल तांबूस थर!

ह्याचा अर्थ असा की मिश्रणात अजून विरघळलेले तांबे मोकळे होते. बोर्डो मिश्रणाचे सगळे मर्म इथेच आहे. मोरचूद विद्राव्य आहे. ते तसेच पानावर पडले तर पान करपते, आणि पाऊस आला की धुऊन जाते. चुना पुरेसा मिळाला की तांब्याचा अविद्राव्य निळा साका होतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पानाला जाळत नाही आणि सुपारीला चिकटून राहतो. चुना कमी पडला की मोरचूद उरते.

"चुना किलोभरच घातलाय," बाबा म्हणाले. मग ते गप्प झाले आणि पडवीत जाऊन चुन्याची गोणी पाहून आले. ती गेल्या वर्षाच्या आधीची, फाटलेली. चुना उघडा राहिला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा हळूहळू खडू होतो. वजन किलोचे असते, पण जोर किलोचा नसतो. गेल्या वर्षीही त्याच गोणीतला चुना वापरला होता.

शेजारच्या काकांकडून कळीचा चुना आणला, पाण्यात भिजवला, गाळला आणि तो थोडा थोडा मिश्रणात घालत गेलो. प्रत्येक वेळी सुरी घासून बुडवायची. तिसऱ्या वेळी सुरी लखलखीत तशीच बाहेर आली. ह्यात तासभर गेला. पाडेलीकाका साठ झाडे करतात तोवर पाऊस आलाच. उरलेली झाडे चार दिवसांनी झाली, त्यासाठी मिश्रण नवे केले. कारण हे मिश्रण केले त्याच दिवशी वापरावे लागते.

आज चौदा दिवस झाले. फवारलेल्या झाडांची पाने करपलेली नाहीत. सुपारी किती टिकेल ते पावसाळा संपल्यावर कळेल, आधीच बढाई मारणार नाही. पण एक गोष्ट झाली. गेल्या बुधवारी बाबा त्या दुकानात गेले. काय बोलले ते सांगितले नाही. येताना चुन्याची नवी, तोंड बांधलेली पिशवी घेऊन आले.

आजीचे शास्त्र

हा लेख मी आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमी नव्या मिठाची टोपली पडवीत टांगून ठेवू, खाली मडका. पयलो पाऊस जाईसर पाणी गळान जाय. मग मीठ बरणीत." मी उडालेच. हवेच्या ओलाव्याने मॅग्नेशियमचा क्षार आधी पाणी होऊन गळून जायचा आणि मीठ मागे राहायचे. संपृक्त द्रावणाने मी जे केले, ते आजी टोपलीने करत होती. फक्त तिने आधी मला सांगितले नाही, आणि मी तिला विचारले नाही.

लक्षात ठेवा

१. न विरघळणारी घाण गाळून जाते. विरघळणारी घाण गाळून जात नाही. तिला शेवटच्या पाण्याबरोबर सोडून द्यावे लागते.

२. क्षार बनवताना एक पदार्थ जास्त घ्यायचा असेल तर जो गाळून काढता येतो तो घ्यावा.

३. स्फटिक हवे असतील तर पार कोरडे आटवू नये आणि घाई करू नये.

४. बोर्डो मिश्रण फवारण्यापूर्वी घासलेली सुरी बुडवून पाहावी. लाल थर आला तर ताजा चुना वाढवावा. मिश्रणाला लोखंडी भांडे वापरू नये. वापरलेली सुरी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

तुम्ही सांगा

१. साखर आणि वाळू मिसळली तर वेगळी कशी कराल?

२. मीठ आणि तुरटी मिसळली तर? (दोन्ही विद्राव्य आहेत! वरचे आकडे पुन्हा वाचा.)

३. तुमच्या घरी चुन्याची गोणी कशी ठेवली आहे?

उत्तरे कागदावर लिहून भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात टाकावीत. पालकांनीही टाकली तर चालतील. चूकभूल असल्यास गुरुजींना सांगावे, म्हणजे पुढच्या अंकात दुरुस्त करू.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी